एका पायाखाली दोन ब्रेक

१२ जानेवारी १९८८, मंगळवार

एकाच वाक्यात लिहायचे तर सुगंधाचा डावा हात मनगटापाशी मोडला आणि मोटारसायकल मी चालवत होतो. पण एका वाक्यावर मी कधी थांबलो आहे?

रविवारी नशिराबादच्या पुढे एका गावात व्याख्यान होते. विषय ‘भीती विकणारे आणि भीती विकत घेणारे’. सभा रंगली. एक म्हातारा उठून म्हणाला, ‘सर, तुमनं आयकीसन मी गळामधला ताईत काढी टाका.’ अशा वेळी वाटते, वीस वर्षे या जिल्ह्याची धूळ खाल्ली ती वाया गेली नाही.

परतताना, चारच्या सुमारास, मी चोपड्याला द्यायच्या पुढच्या भाषणाची सुरुवात मोठ्याने म्हणू लागलो. ही आमची जुनी रीत. मी गाडी चालवत भाषण रचतो, सुगंधा मागे बसून ऐकते. ‘मित्रहो, प्रश्न विचारणारा माणूस कुणाला नको असतो?’ इथवर आलो आणि कापसाच्या पऱ्हाट्या भरलेला एक ट्रॅक्टर शेतरस्त्यावरून हायवेवर चढलेला दिसला. मी सगळा भार ब्रेकवर टाकला. मागचे चाक जागीच अडकले, गाडी मात्र पुढे जात राहिली आणि मग आडवी झाली. माझे गुडघे सोलवटले. सुगंधा हातावर पडली.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले आहे. पडण्याआधी ती मागून काहीतरी म्हणाली होती, वाऱ्यात मला कळले नाही. आज विचारले. ‘काही नाही, झालं ते झालं,’ म्हणाली. मग डाळीतले खडे उजव्या हाताने निवडता निवडता, मान वर न करता, ‘माले आते त्या गाडीवर बठनं नही.’

सव्वीस वर्षांच्या संसारात मी एक गोष्ट शिकलो आहे. ती माझ्याशी एरवी पुस्तकी मराठी बोलते. माहेरच्या बोलीत बोलली की निर्णय झालेला असतो.

१५ जानेवारी, शुक्रवार

गाडी इसाककडे ढकलत नेली. पिंप्राळ्यात त्याचे गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, पण जळगावातले चांगले चांगले मेकॅनिक अडले की त्याला विचारायला येतात.

त्याने हँडलवरून हात फिरवला आणि थांबला. ‘सर, पुढच्या ब्रेकची केबल कुठंय?’

मी सांगितले, अकरा वर्षांपूर्वी गाडी घेतली त्याच आठवड्यात काढून ठेवली. आमचे शेजारी तोतारामभाऊ केळीच्या मालमोटारी भरतात, सारा जिल्हा फिरलेले. ते म्हणाले होते, ‘सर, पुढला ब्रेक दाबा का गाडी पलटी व्हस. बठ्ठा लोक काढी टाकतस.’ खरेच, माझ्या ओळखीच्या निम्म्या गाड्यांची केबल काढलेली किंवा सैल सोडलेली आहे.

‘कुणाची गाडी पलटी झालेली पाहिली तुम्ही?’

‘पाहिली नाही. पण सगळेच सांगतात.’

इसाक हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. फडक्याने हात पुसत म्हणाला, ‘बुरा मानू नका, सर. मागच्या वर्षी गणपतीत तुम्ही इथंच चौकात बोलले होते. मी शेडमध्ये बसून ऐकलं. तुम्ही म्हणाले, भूत कुणी पाहिलं? कुणीच नाही. सगळे सांगतात, एवढाच पुरावा. टाळ्या मीपण वाजवल्या.’

मी पायी घरी आलो. रिक्षा दिसत होत्या, पण चालावेसे वाटले.

१७ जानेवारी, रविवार

झोप नीट नाही. म्हाताऱ्याच्या गळ्यातला ताईत मी उतरवला आणि माझ्या हँडलवरची उतरवलेली केबल हाही ताईतच होता! हे कुणाला सांगू? सुगंधाला सांगितले. ती म्हणाली, ‘इसाकभाईंनी चहा दिला की नाही?’

१९ जानेवारी, मंगळवार

शाळा सुटल्यावर वाचनालयात तीन तास बसलो. जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा कपाटामागे पडला होता. त्यात एक लेख सापडला आणि माझे डोके पेटले.

परदेशात काही मोटारसायकलींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात. पायाने दाबले की मागचे चाक धरते आणि त्याच दाबाने पुढचेही धरते. कारण साधे आहे. घाबरलेल्या माणसाला विचार सुचत नाही, फक्त सवय सुचते. माझी अकरा वर्षांची सवय पायात आहे. उद्या नवी केबल बसवली तरी ट्रॅक्टर समोर आल्यावर माझी बोटे तिच्याकडे जाणार नाहीत. मग बोटांची वाट कशाला पाहायची? पायालाच दोन्ही चाके द्या!

मी उभा राहून ‘वा!’ म्हणालो. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले.

चोपड्याचे व्याख्यान २८ फेब्रुवारीला आहे, विज्ञान दिनाचे. तोवर हे काम करायचे. त्या दिवशी सुगंधा माझ्या मागे बसून चोपड्याला येईल. मी तशी प्रतिज्ञा केली आहे. तिला अजून सांगितलेली नाही.

२३ जानेवारी, शनिवार

इसाकला लेखातले चित्र दाखवले. त्याने ते उलटे धरून पाहिले, सुलटे धरून पाहिले आणि म्हणाला, ‘यात तेलाच्या नळ्या आहेत. आपल्याकडे तार आणि सळई. पण बात तीच.’ मग जमिनीवरच खडूने काढले. ब्रेकच्या पायट्यामागे एक आडवी दांडी, तराजूच्या दांडीसारखी, मधोमध खिळ्यावर डुलणारी. तिच्या एका टोकाला मागच्या ब्रेकची सळई, दुसऱ्या टोकाला पुढच्या ब्रेकची केबल. पायटा दांडीला मधून ओढणार आणि दांडी दोन्ही टोकांना.

‘हाताचा ब्रेक?’

‘तोपण ठेवतो. कधीतरी बोटं शिकतील.’

२६ जानेवारी, मंगळवार

शाळेत झेंडावंदन झाले, मी पंचवीस मिनिटे बोललो आणि तिथून थेट पिंप्राळ्याच्या मोकळ्या मैदानावर. तोतारामभाऊ पाचसहा जण घेऊन आधीच हजर. प्रेक्षक पाहिले की माझ्या अंगात येते. गाडी चालवता चालवता मी त्यांना दांडीचे तत्त्व समजावू लागलो. पहिल्यांदा गाडी छान थांबली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा पाय दाबला आणि पाय नुसता खाली गेला.

गाडी केळीच्या खांबांच्या ढिगात शिरली. खांब मऊ होते, म्हणून आज लिहितो आहे.

पुढच्या केबलचे टोक निसटले होते. एक बाजू सुटल्यावर दांडी त्या बाजूला गर्रकन फिरली आणि मागची सळई ओढायला जोरच उरला नाही. तोतारामभाऊ मला ढिगातून उठवत म्हणाले, ‘सर, दोन ब्रेक एक करता करता एकबी ऱ्हायना नही!’ सगळे हसले. मीही हसलो. पडलेला माणूस हसला नाही तर लोक जास्त हसतात.

इसाक हसला नाही. त्याने तिथेच दांडीच्या दोन्ही बाजूंना खडूने खुणा केल्या. तिथे लोखंडाचे अडसर बसतील. दांडी थोडी फिरेल, अडसराला टेकेल आणि उरलेला ब्रेक ओढत राहील. ‘माझी चूक, सर,’ तो म्हणाला. ‘एक तुटला तर दुसरा राहिला पाहिजे. हे आधी सुचायला पायजे होतं.’

घरी सुगंधाने एका हाताने माझ्या कोपराला हळद लावली. ‘बोलत होतात का?’

‘लोकांना समजावून सांगत होतो.’

‘हं,’ म्हणाली.

१ फेब्रुवारी, सोमवार

काल एरंडोलला एसटीने जाऊन बोलून आलो. सुगंधा आली नाही, तर बायकांच्या बाजूला सहा जणी. ती असली की साठ असतात, कारण ती दुपारीच घरोघर जाऊन बसते. भाषणही काही केल्या संपेना. एक तास पन्नास मिनिटे बोललो. एरवी मला शेवट आपोआप सुचतो, बहुधा ती पदर सावरून घेते त्याच सुमारास. काल लोकच एकेक करून उठले.

थंडी होती म्हणून असेल.

७ फेब्रुवारी, रविवार

अडसर चोख बसले. पण नवीच अडचण. जोरात ब्रेक दाबला की मागचे चाक आधी अडकते आणि रस्त्यावर काळा पट्टा ओढते. हीच तर जुनी खोड! इसाक म्हणाला, दांडीचा मधला खिळा सरकवावा लागेल, म्हणजे एका चाकाला जास्त ओढ मिळेल, दुसऱ्याला कमी. पण कुठल्या बाजूला?

आज तो घरी आला होता. मी ठासून सांगितले, मागचे चाक मजबूत, तेच आपला भार वाहते, त्याला जास्त ओढ दे. इसाकला ते पटत नव्हते, पण मी बोलत असताना मुद्दा मांडणे सोपे नाही. चहा घेऊन आलेली सुगंधा दारात उभी होती.

‘आमच्या आबांकडे एक बैल म्हातारा होता,’ ती म्हणाली, ‘एक तरणा. आबा जुवाचा मधला दोर सरकवायचे. दुबळ्या बैलाकडची बाजू लांब ठेवायचे. म्हणजे त्याच्यावर ओढ कमी येते.’

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो, ‘म्हणून पुढच्या चाकाकडची बाजू लांब...’

‘दुबळं मागचं आहे.’

‘कशावरून?’

‘सव्वीस वर्षं मी मागेच बसते. आधी सायकलवर, मग गाडीवर. तुम्ही ब्रेक दाबला की मी तुमच्या पाठीवर येते. सगळं वजन पुढे जातं. माझ्याखालचं चाक त्या वेळी रिकामं होतं, ते मला बसल्या जागी कळतं. रिकाम्या चाकाला जास्त ओढाल तर घसरेलच.’

इसाकने कप खाली ठेवला. ‘भाभी, हे आधी सांगितलं असतं तर माझे दोन हप्ते वाचले असते.’

‘विचारलं कुणी?’ असे म्हणून ती आत गेली.

खेड्यातल्या अनुभवाला शास्त्राची भाषा द्यावी लागते, हे मी नेहमी सांगतो. इसाक गेल्यावर मी वजन पुढे सरकण्याचा नियम तिला सविस्तर समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

खिळा सरकवला. मागच्या सळईकडची बाजू लांब, पुढच्या केबलकडची आखूड. काय फरक पडला! काळा पट्टा बंद. गाडी जमिनीला हात टेकल्यासारखी थांबते.

पण इसाकचे समाधान नाही. वाळू किंवा केळीची ओली पाने असतील तिथे पुढचे चाक अडकता कामा नये, म्हणून केबल नेमकी किती सैल सोडायची ते त्याला ठरवायचे आहे. त्यासाठी मी रोज गाडी चालवून सांगायचे आणि एक अट पाळायची.

‘तोंड बंद ठेवायचं, सर.’

‘म्हणजे?’

‘चाक अडकायच्या आधी कुरकुरतं. ते ऐकू आलं पायजे. तुम्ही बोलत असले तर चाक काय बोलणार?’

अकरा वर्षांत मला कुणी असे सांगितले नव्हते. पण शास्त्रासाठी काहीही!

१६ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस गप्प राहून गाडी चालवतो आहे. किती आवाज असतात रस्त्याला! साखळी उताराला एका सुरात वाजते, चढाला दुसऱ्या. केळीच्या बागेतले इंजिन फटफटते आणि मध्येच श्वास घेतल्यासारखे थांबते. वाळू लागली की टायर आधी सळसळतो, मग कुरकुरतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये पाय उचलायला भरपूर वेळ असतो. हा रस्ता मी हजारदा पाहिला होता. ऐकला नव्हता.

इसाकला रोज आवाज तोंडाने काढून दाखवतो. तो अर्धा आटा फिरवतो.

२१ फेब्रुवारी, रविवार

सुगंधाचे प्लास्टर निघाले. हात बारीक झाला आहे, पण मूठ वळते.

दवाखान्यातून तिला गॅरेजवर नेले. इसाकने गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही चाके अधांतरी केली आणि फिरवली. सुगंधाने खाली बसून उजव्या हाताने पायटा दाबला. दोन्ही चाके थांबली. तिने पुन्हा फिरवायला लावली. मग विचारले, ‘केबल तुटली तर?’ इसाकने केबल काढून दाखवली. दांडी अडसराला टेकली, मागचे चाक थांबले. मग सळई सोडून दाखवली. पुढचे थांबले.

‘छान काम केलंत, इसाकभाई,’ ती म्हणाली. मला वाटले, जिंकलो!

घराच्या दारात चप्पल काढताना म्हणाली, ‘चोपड्याला मी एसटीने येईन.’

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तरफा, घर्षण, वजन, सगळे सांगून झाले. पाऊण तास तरी झाला असेल. ती भाकरी थापत होती. शेवटी म्हणाली, ‘तुमचं सगळं बरोबर आहे.’

बरोबर आहे, मग राहिले काय? हजारभर माणसांची मते फिरवणाऱ्या माणसाला एका माणसाचे मत फिरवता येत नाही. आज वाईट वाटले.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

पुरावा! माझे तिथेच चुकले होते. मी तत्त्व सांगितले, पुरावा दिला नाही.

सकाळी सुगंधाला विचारले, त्या दिवशी ट्रॅक्टर तुला पहिल्यांदा दिसला तेव्हा आपण कुठे होतो? तिने हातातले काम खाली ठेवले. ‘पाण्याच्या टाकीपाशी,’ म्हणाली. ‘तिथून मी तीनदा म्हटलं, हळू.’

शाळेनंतर इसाकला घेऊन नशिराबादकडे गेलो. टाकीपासून पडलो त्या शेतरस्त्यापर्यंत पावले मोजली. एकशे बारा. मग परत येऊन मैदानावर त्याच वेगाने गाडी आणून खुणेवर ब्रेक दाबला. नवा ब्रेक सतरा पावलांत थांबतो. तुलनेसाठी इसाकने पुढची केबल सोडली आणि जुन्यासारखा नुसता मागचा ठेवला. गाडी डुलली, घसरली, पण एकतीस पावलांत थांबली.

सतरा आणि एकतीस! चोपड्याच्या फळ्यावर हे आकडे किती शोभतील! मी वहीत लिहून घेतले. त्यांच्याखाली एकशे बारा लिहिले. आणि मग वहीकडे पाहतच राहिलो.

इसाक पान्हा पुसत होता. ‘सर, हे भाभींना दाखवा,’ एवढेच म्हणाला.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

काल हिंमत झाली नाही. आज संध्याकाळी ती मेथी निवडत होती, तिच्यासमोर वही ठेवली. माणसाने पुराव्यापुढे मान झुकवावी, असे मी वीस वर्षे सांगत आलो आहे. मग स्वतःची मान ताठ ठेवून कसे चालेल?

मी म्हणालो, ‘अर्धाच ब्रेक होता, तरी एकतीस पावलं पुरत होती. आपल्याकडे एकशे बारा होती. तू तीनदा म्हणालीस. मला ऐकू आलं नाही, कारण मी बोलत होतो.’

याच्यापुढे मला एकही वाक्य सुचले नाही. असे कधी होत नाही.

ती मेथीची पाने खुडत राहिली. एक जुडी संपली, दुसरी सोडली. मग म्हणाली, ‘रविवारी किती वाजता निघायचं?’

‘एसटी नऊला आहे.’

‘एसटीचं कोण विचारतंय?’

शेवटी पुराव्याचा परिणाम होतोच! माणूस कितीही हट्टी असो, त्याच्यासमोर आकडे ठेवा. हा मुद्दा चोपड्याच्या भाषणात घेतला पाहिजे.

२८ फेब्रुवारी, रविवार

चोपड्याहून परतलो. अजून ऊन आहे, चहा झाला आहे, आणि लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

इसाकच्या अटीप्रमाणे वाटेत मी अक्षर बोललो नाही. तापीचा पूल जवळ आला तेव्हा मागून आवाज आला, ‘हळू.’ मला समोर काहीच दिसत नव्हते, पण ऐकू स्वच्छ आले आणि पाय आपोआप खाली गेला. वळणापलीकडून शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला, पन्नासेक तरी असतील. आम्ही केव्हाच थांबलो होतो. पट्टा नाही, कुरकुर नाही, घसरणे नाही. शेळ्या आमच्याकडे पाहत निवांत निघून गेल्या. केबलची ढील अगदी नेमकी आहे.

सभेला बायकांची बाजू भरलेली. मी ठरवलेले भाषण बाजूला ठेवले आणि माझ्या काढून टाकलेल्या केबलची गोष्ट सांगितली. ताईत काढायला लावणारा माणूस स्वतः अकरा वर्षे ताईत बांधून कसा फिरला, ते सगळे. आधी हशा, मग मागच्या रांगेतून एक पागोटेवाला उठला आणि म्हणाला, ‘सर, मनी केबलबी घरमा खुंटीले टांगेल शे.’ आणखी सात हात वर झाले. याहून मोठी सभा मी गाजवली असेल, पण याहून खरी नाही. सुगंधाने पदर सावरला आणि मला शेवट सुचला. पन्नास मिनिटे झाली होती.

परतीच्या वाटेवर मी पुन्हा गप्प, आणि ती बोलत होती. चोपड्यापासून थेट घरापर्यंत. आबांच्या तरण्या बैलाचे नाव काय होते, लग्नानंतर सायकलच्या कॅरिअरवर तिचे पाय कसे बधिर व्हायचे, माझ्या कुठल्या भाषणातला कुठला दाखला तिला कधीच पटला नाही, हातमागाच्या वर्गात तिला नाव घालायचे आहे. इतके बोलण्यासारखे तिच्याकडे असते, हे मला अगदी नवीन. दांडी नीट बसल्यामुळे तिची भीती गेली असावी, दुसरे काय?

उद्या शाळेत जाताना इसाकला सांगायचे, आता काहीही सरकवू नकोस. आणि चाकाचे ऐकण्याची ती अट, काम संपले असले तरी, मी चालूच ठेवतो.